किती दिवसांसाठी

ड्रिल मशीन मी बोहरी आळीतून घेतलं,
घासाघीस करून सत्तावीसशे पन्नास,
वर तेरा बिट्स आणि एक निळी पेटी.
बाबांनी विचारलं, भोकं किती पाडायचीत?
म्हटलं, चार.
म्हणजे भोकाला सहाशे सत्याऐंशी रुपये पन्नास पैसे,
ते म्हणाले, आणि पेपर उलटला.

त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात गेली,
टूल रूमच्या खिडकीशी.
तिथली रीत अशी:
आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा,
रीमर, मायक्रोमीटर, काय हवं ते न्यायचं,
पाळी सुटताना पुसून परत द्यायचं
आणि बिल्ला उचलायचा.
बिल्ला खिशात, तर माणूस कुणाचं काही देणं लागत नाही.

म्हणून आमच्या घरी शिडी नव्हती.
पुरणयंत्र वरच्या डंबीरकाकूंचं, होळीपुरतं.
माझ्या लग्नातल्या पातेल्यांवर
कुणा भलत्याच मंडळाचं नाव ठोकलेलं,
आणि फोटोत ते माझ्या नावापेक्षा ठळक.
मी तेव्हाच ठरवलं होतं,
माझ्या घरात सगळं माझं असेल.
माळ्यावर आता आहे:
एकदा वापरलेला तंबू,
दोनदा वापरलेलं केकचं यंत्र,
आणि एक मशीन, ज्यानं काय होतं
ते मला आठवत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबा मोरीत घसरले.
खुब्याचं हाड. त्यात हृदय आधीच कुरकुरतं,
ऑपरेशनला डॉक्टर तयार नाहीत.
कॉट आणा म्हणाले, वरखाली होणारी.

सदाशिव पेठेत गुंदेचांचं दुकान,
दारात व्हीलचेअर एकात एक घुसवून ठेवलेल्या.
विकत एकोणीस हजार आठशे,
भाड्यानं महिना अठराशे, अनामत पाच हजार.
किती दिवसांसाठी?
त्यांनी पेनाचं टोपण काढून विचारलं,
सतरंज्यांसाठी विचारावं तितकं सहज.

मी त्या रकान्याकडे बघत राहिले.
विकत घ्यावी, तर ते उठणारच नाहीत
असं मीच सही करून दिल्यासारखं.
भाड्यानं घ्यावी, तर लवकर परत करायची,
आणि कॉट दोन रस्त्यांनी परत जाते.
मागे एक बाई कमोडची खुर्ची घेऊन उभी होती,
परत करायला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
गुंदेचांनी रकाना कोराच सोडला.
असू द्या, म्हणाले. बघू.

धनकवडीपर्यंत टेम्पो, मग लिफ्टमध्ये मावेना,
तीन जिने दोन पोरं ओरडत, तिरकी घे, तिरकी.
त्याच संध्याकाळी मी मोरीत दांडा बसवला,
चार भोकं, टाइल न फुटता.
आतून आवाज आला:
भाव उतरला. तीनशे चव्वेचाळीस.

पुढे ड्रिल डंबीरकाकूंकडे गेलं, तिथून तळमजल्यावर,
कुणाच्या पडद्यांना, कुणाच्या पाळण्याच्या कड्यांना.
प्रत्येक भोकाची खबर मी बाबांना देते,
ते डोळे मिटून भागाकार करतात.
परवा शंभराच्या खाली आलो.

अकरा महिने पुरे झाले त्या रात्री म्हणाले,
बाराव्यापासून तुला तोटा गं.
पाहुण्यानं मुक्काम लांबवावा तसे ओशाळलेले.
मी वहीत अठराशे लिहिले.
इतक्या आनंदानं पैसे बुडवल्याचं मला आठवत नाही.

गुंदेचांचा फोन येतो,
ताई, आता घेऊनच टाका, थोडं भाडं वळतं करतो.
बाबा पडल्या पडल्या हात हलवतात, नाही.
परत करायची आहे.

आज चौदावा महिना.
दर रविवारी मी कठडे पुसते, त्यांच्या देखरेखीखाली,
कोपरे सुटले तर पुन्हा.
आता त्यांना उठवून बसवायचं म्हणून हँडल धरलं
तर ते करकरलं.
थांब, म्हणाले,
आधी तेल घाल.
दुसऱ्याची वस्तू आहे.